घंटेतला कागद

पेटीच्या दोरीची गाठ बोटांना सुटेना, तेव्हा नीतीबाईंनी ती दातांनी ओढली. मुलं माना उंचावून बघत होती. पेटीतून दिवा निघाला, जपमाळ निघाली, पितळी घंटा निघाली, निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांची चित्रं निघाली, आणि ‘तुम्ही असता तर काय केलं असतं?’ असं विचारणारी कार्डं निघाली. कार्डांच्या कापडी पिशव्या बाईंच्या आईने हाताने शिवलेल्या. एकीवरही डाग नव्हता. मुलांचे हात लागले असते, तर पडला असता ना डाग.

“बाई, हे कुणाचं आहे?” पुढच्या बाकावरून एकीने विचारलं. या पोरीच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही, त्यामुळे सगळी शाळा तिला रेडिओ म्हणायची.

“तुमचंच,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

धर्म आणि नीतीचा तास दर आठवड्याला होता. म्हणजे वेळापत्रकात होता. प्रत्यक्षात गणिताचे सर दारात यायचे, “बाई, पोर्शन अडलाय हो, फक्त आजचा दिवस,” म्हणायचे, आणि बाई मुकाट्याने खडू खाली ठेवून बाहेर पडायच्या. आजचा दिवस, आजचा दिवस करता करता वर्ष सरत आलं. आता तपासणीचे साहेब येणार होते. तास होत नाही असं दिसलं, तर विषय बंद आणि बाई घरी. मुख्याध्यापकांनी सकाळीच बोलावून घेतलं होतं.

“मुलांना जरा तयार करून ठेवा. विषय टिकला तर पुढच्या सत्रात तास तुमचाच. शब्द देतो.”

हा शब्द त्यांनी मागेही दिला होता. तरी बाईंनी मुलांना तयार केलं. साहेबांनी विचारलं तर सांगायचं, आम्ही दर आठवड्याला पेटी उघडतो. आधी घंटा वाजते. तिचा नाद विरेपर्यंत आम्ही डोळे मिटून बसतो. हा तास बाईंनी मनात इतक्यांदा घेतला होता, की हे पढवताना त्यांचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

मुख्याध्यापकांबरोबर साहेब आले. घाईत होते, पण माणूस भला. रेडिओ उभी राहिली आणि घडाघडा बोलली. डोळे मिटण्याच्या जागी तिने डोळे मिटूनही दाखवले.

“अरे वा,” म्हणत साहेबांनी टेबलावरची घंटा उचलली आणि हलवली.

घंटा वाजली नाही.

त्यांनी उलटी करून पाहिली. आत कागद होता, दुकानदाराने कोंबलेला, घंटा आणली तेव्हापासून तसाच. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. खरं काय ते सांगून टाकावं, सुटावं एकदाचं, असं बाईंना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी तोंड उघडलं.

“कागद आम्हीच घातलाय, साहेब,” रेडिओ म्हणाली. “शेजारच्या वर्गात तास चालू असतो ना, त्यांना त्रास नको म्हणून. आम्ही घंटा मनातल्या मनात ऐकतो.”

हे बाईंनी पढवलं नव्हतं.

साहेब खूश झाले. “दुसऱ्याचा विचार करणं, यालाच नीती म्हणतात,” असं त्यांनी मुलांना सांगितलं, आणि विषय असाच चालू ठेवा म्हणून मुख्याध्यापकांच्या पाठीवर थाप मारून ते पुढच्या वर्गाकडे गेले.

रेडिओ टेबलापाशी आली.

“बाई, बरोबर सांगितलं ना मी?”

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कुठे थोडी चुळबुळ, थोडी लाज दिसते का ते बघितलं. काही नव्हतं. ती नुसती शाबासकीची वाट बघत होती. वर्षभरात ही पोर त्यांच्याकडून एवढी एकच गोष्ट शिकली होती, आणि चांगली शिकली होती.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “शाब्बास.”

गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. “झालं ना, बाई? फक्त आजचा दिवस...”

बाई पिशव्या पेटीत ठेवू लागल्या. रेडिओने घंटेतल्या कागदाचं टोक चिमटीत धरून थोडं बाहेर ओढलं.

“एकदा खरंच वाजवून बघू?”

“नको,” बाई म्हणाल्या. “शेजारच्या वर्गाला त्रास होईल.”

बाई गंमत करताहेत असं वाटून ती हसली, आणि तिने अंगठ्याने कागद पुन्हा आत दाबून बसवला.