दहा जणांचा मंगळवार

सत्त्याऐंशी साली धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या कॉलेजात जी.एस.ची, जनरल सेक्रेटरीची, निवडणूक म्हणजे नुसती पळवापळवी. मतं फक्त एकवीस, वर्गप्रतिनिधींची. ज्याच्याकडे अकरा पोरं जमली, त्याने ती मतदानापर्यंत दडवून ठेवायची अशी रीतच होती. एका साली तर इतकी चोख दडवली की त्यातला एक अजून सापडलेला नाही. बापाने त्याचं लग्न फोटोशी लावून टाकलं. हे खोटं वाटलं तर वाटो, पुढचं मात्र खरं आहे.

उमेदवार दोन. एक रावेरकडचा गिरधर. त्याच्या बापाच्या केळीचा एक घड उतरवायला चार माणसं लागत, आणि पाचवा त्यांना शिव्या घालायला. दुसरा तेरसिंग, सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी, वर्गात पहिला. वसतिगृहाच्या मेसमध्ये पाड्यांवरच्या पोरांची पंगत शेवटी बसायची. तोवर पोळ्या संपलेल्या, पातेल्यात आमटीचं पाणी. जी.एस. मेस कमिटीवर असतो, म्हणून तेरसिंगला जी.एस. व्हायचं होतं. 'एकच पंगत' एवढीच त्याची घोषणा. भिंतीवर गेरूने ती मीच लिहिली.

तेरसिंग आणि मी धरून अकरा जमलो. उमेदवारालाही मत असे. बुधवारी मतदान, म्हणून मंगळवारी पहाटेच त्याने आम्हाला शिरपूरच्या पुढे, आपल्या गावी नेलं.

"तिथं गिरधरची जीप चढायचीच नाही, जीवरामभाऊ," तो मला म्हणाला.

शेवटचे तीन कोस पायी. भुकेने आमच्यातला चुडामण वाटेत पळसाची पानं चघळत होता. घरी तेरसिंगच्या आईने, दगडीबाईने, ओसरी सारवून पानं मांडली होती. ज्वारीच्या भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. वास असा की समोरचा डोंगर वाकून बघत होता.

कोणी बसेना. चुडामणने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. मग तो म्हणाला, "माय, माले आज उपास शे. मंगळवार."

"माले बी," चिंधा म्हणाला.

बघता बघता नऊ जणांना मंगळवार निघाला. दहावा मी.

दगडीबाईला ते खरं वाटलं. आधी सांगितलं नाही म्हणून तिने लेकाला बोल लावले आणि घरच्या शेतातली भगर कांडायला बसली. तासाभरात भगर, उकडलेली रताळी आणि जंगलातला मध पानांवर आला. उपास मोडायची सोय नव्हती, आणि पाळायचीही राहिली नव्हती.

"मन्हं पोट बिघडनं," चिंधा पुटपुटला.

"दहाही जणांचं?" तेरसिंगने विचारलं.

मग तो एकटा पानावर बसला आणि आईसमोर जेवला.

दुपारी आम्ही पाय मोकळे करायला म्हणून निघालो ते थेट हायवेला उतरलो. गिरधरची जीप वर चढली नव्हतीच. ती खाली उभी होती. आम्ही उतरणार हे त्याला आमच्या आधी ठाऊक होतं.

"काय रे जीवराम, जेवलात का पावऱ्याकडे?" त्याने दात काढत विचारलं.

"छे!" दहा जण एका सुरात म्हणालो. इतका एका सुरात आम्ही 'एकच पंगत'सुद्धा ओरडलो नव्हतो.

सोनगीरच्या ढाब्यावर चुडामणने एकट्याने दोन कोंबड्या संपवल्या. मंगळवारीच. एक तंगडी माझ्याही ताटात होती.

बुधवारी प्राध्यापकांनी निकाल वाचला: गिरधर वीस, तेरसिंग एक. गुलाल उधळला. मी अंगावरचा झटकला आणि गेटजवळ उभ्या असलेल्या तेरसिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाकीचे फिरले रे. ते एक मत माझं. आईशप्पथ."

त्याने माझ्या बाहीवर राहिलेला गुलाल झटकला.

"मग माझं कुठं गेलं, जीवरामभाऊ?"