गिरजाबाईंच्या गाठोड्याचा नंबर

आत्याच्या राइस मिलमध्ये सॉफ्टवेअर बसवलं अतुलदादाने, आणि आठवडा व्हायच्या आत ते काढून टाकायला निघाली आत्याच!

सॉफ्टवेअर खुलं, फुकटचं. कुठल्याही गावचा माणूस ते उघडून पाहू शकतो, बदलू शकतो. त्यातला धान भरडाईचा भाग दादाने स्वतः लिहिलेला. ते बसवलेली आमच्या एकोडीतली ही पहिलीच मिल. इथंच ते टिकलं नाही, तर साकोलीत त्याला कोण विचारणार?

भांडण पेटलं नव्या धानावरून. आमच्याकडे नवा भात आधी देवापुढे, मग आपल्या ताटात. त्यासाठी कोणी पायलीभर धान गाठोड्यात आणलं, की ते मोठ्या पोत्यांच्या आधी भरडायचं. दादाच्या सॉफ्टवेअरात मात्र नंबर म्हणजे नंबर.

आज परसरामकाकांची पोती भरडणं चालू, गिरजाबाई गाठोडं घेऊन उभ्या, आणि स्क्रीनवर त्यांचा नंबर सगळ्यात खाली.

“काढ हा डब्बा!” आत्या कडाडली. “ह्या दुसऱ्या मिलमधी गेल्या, तर यांची पोती मंग इथं येतीन का?”

“मधात गाठोडं घुसवलं तर कोणाच्या धानाचा किती तांदूळ निघाला, सारा उतारा चुकते, आत्या!”

“तुले उताऱ्याची पडली, मले गिऱ्हाइकाची!”

“पोट्टेहो, देव उपाशी बसला हाये तिकडं,” गिरजाबाई म्हणाल्या.

मी सरळ दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. “आत्या, गाठोडं तू चालू धानातच ओतते का?”

“पागल झाली का? परसरामचा माल पुरा निघू दे, मंग गाठोडं.”

“मग उतारा कुठं चुकते, दादा?”

इतके दिवस दोघं भांडून राहिले होते, आणि हे एकमेकांना कोणी विचारलंच नव्हतं!

“पण एकट्या आत्यासाठी मूळ नियम कसा बदलू? बाकीच्या मिलवाल्यांना नको असलं तर?” दादा म्हणाला.

“कायले बदलतो? वेगळं बटण दे. ज्याले पायजे तो चालू करीन,” मी म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि टाइप करायला बसला. परसरामकाकांचं शेवटचं पोतं निघालं, त्यांचा उतारा नोंदला गेला, आणि गिरजाबाईंचं नाव टुणकन वर आलं. गाठोडं भरडून झाल्यावर आत्याने दोघांच्याही उताऱ्याचे आकडे स्वतः तपासले.

“राहू दे डब्बा,” ती म्हणाली. “पण यापुढं आधी मले विचारजो.”

“हाव, आत्या.”

बदल सगळ्या जगाला दिसेल असा पाठवायचा, तर तो कशासाठी केला ते सोबत लिहावं लागतं. दादाने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

“हे तूच लिही.”

मी लिहिलं. आणि खाली माझं पूर्ण नाव टाकलं: तृप्ती परतेकी, दहावी.