भिंतीकडची बाभूळ

म्हसवडहून लाकडाच्या गाड्या घेऊन नाथाजी वाईत शिरला, तेव्हा जकात नाक्यावर त्याला कुणी अडवलं नाही. नाकेदाराने पावती न करताच बांबू वर केला आणि तोंड फिरवलं. नाथाजीला वाटलं, आज स्वारी खुशीत दिसते. पुढे खाणावळवाली शालूबाई रस्त्यातच उभी होती. तिने पुढच्या बैलाची वेसण धरली.

"गाड्या हितंच सोड," ती म्हणाली. "तुजी राही गेली रं. काल. पटकीनं."

तो म्हसवडला निघाला तेव्हा गावात पटकीच्या साथीचं नावही नव्हतं.

"माज्यासाठी ठिवली न्हाई?"

"पटकीचं मयत कोण ठिवू देतंय? दादासोनं अग्नी दिला."

नाथाजीचं घर त्याच्या लाकडाच्या वखारीच्या मागे होतं. घरात जायचं तर वखारीतूनच वाट. तो दारातून आत आला आणि थबकला. भिंतीकडची जागा रिकामी होती. खाली नुसत्या सालपटांचा चुरा पडला होता.

तिथली रास मयताची. वर्षभर वाळलेली बाभूळ. नाथाजीच्या बापाने रीत घातली होती, की मयताचं लाकूड तराजूत घालायचं नाही, गिऱ्हाइकाने भाव विचारायचा नाही, आणि तेरावं झाल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. रीत बापाची, पण पाळली राहीबाईने. वखारीचा सगळा भाव तिच्याच तोंडात असे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायची, "चुलीला का बंबाला?" बंबाला आंबा द्यायची, स्वस्तातला, भडकन पेटून विझणारा. खाणावळीला बाभूळ, महाग पण निखारा धरणारी. ओलं नांदरूक, नुसतं धुपणारं, ती कुणी मागितलं तरी विकत नसे. घाटावरचे विष्णुपंत घासाघीस करू लागले की म्हणायची, "पंत, बाभळीचा निखारा आन आंब्याचा भाव, दोन्ही एका मोळीत कसं बांधू?" पंत हसायचे आणि बाभळीचे पैसे मोजायचे.

धाकटा भाऊ दादासो तराजूपाशी बसला होता. डोकं भादरलेलं.

"भिंतीकडची रास कुठं गेली?"

"आण्णा, आदी हातपाय धुवा. च्या घ्या."

"रास कुठं गेली?"

"कोळसेवाल्याला दिली." दादासो खाली बघत म्हणाला. "लढाईचं दिस. पेट्रोल न्हाई, मोटारी कोळशावर चालत्यात. बाभळीला दुप्पट भाव देत हुता. तुमी नवा माल आणायला गेलाच हुता. मला काय सपान पडलं हुतं, वैनी जातील म्हणून?"

"तिला कशात जाळलीस?"

दादासोने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे नांदरुकाचे ओंडके पडले होते. कापलेल्या तोंडांना अजून चीक होता. नाथाजीने एक ओंडका पायाने उलटा केला.

"ह्यात?"

"गावात वाळलेलं कुटंच न्हवतं, आण्णा. राकेल मिळंना..."

"वखारवाल्याची बायकू, आन वल्या नांदरुकात घातलीस!"

शालूबाई मागोमाग आली होती. ती म्हणाली, "सरण नुसतं धुपत हुतं. माणसं डोळं पुसत हुती, ती धुरानं का रडून, कुणाला कळंना. मग मीच खानावळीतली बाभूळ दिली धाडून. माज्या सुनांनी डोक्यावरनं नेली. राहीनंच विकल्याली हुती मला. तिची तिलाच गेली."

नाथाजी जमिनीवर बसला. त्याला रडू येईल असं शालूबाईला वाटलं, पण तसं झालं नाही. त्याचे कान तापले होते. राही अंगणात हसायची, आजारात एकटी पडली असेल, शेवटी पाणी कुणी पाजलं असेल, हे काहीच त्याच्या डोक्यात येईना. फक्त तो धूर येत होता.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. मळ्यातला सयाजी दारात उभा होता. डोक्याला पटका नाही, पायात काही नाही.

"दादासो, आई गेली. लाकूड पायजे."

दादासो सवयीने उठला. नांदरुकाचा ओंडका उचलून त्याने पारड्यात टाकला आणि दुसऱ्या पारड्यात वजन ठेवलं. "भाव वाढलाय, सयाजी. आदीच सांगतो."

नाथाजी उठला आणि त्याने पारड्याला लाथ घातली. साखळी तुटली. ओंडका दादासोच्या पायापाशी गडगडला.

"मयताचं लाकूड तोलतोस? घरात सुतक, आन तोलतोस?"

"मग काय फुकट वाटू? बापाच्या रीतीनं वखार चालती व्हय आता? जग कुटं चाललंय, तुमी कुटं!"

"तुज्या वैनीला इचार, जग कुटं चाललंय!"

दादासोचं तोंड पांढरं पडलं. नाथाजी त्याच्याकडे बघत उभा राहिला नाही. त्याने सयाजीचा दंड धरला आणि त्याला नाक्यावर नेलं. गाड्या तिथेच सोडलेल्या होत्या. म्हसवडची बाभूळ, माणदेशच्या उन्हात तडकलेली. त्याने एका गाडीचे बैल स्वतः जुंपले आणि कासरा सयाजीच्या हातात दिला.

"सरळ घाटावर ने."

दादासो धावत आला. "आण्णा, ती गाडी कोळसेवाल्याची हाय! त्याचा इसार घेतलाय मी!"

"परत कर."

"खर्चला की."

"मग तुजं नांदरूक दे त्याला. मोटार धुपू दे."

सयाजी घुटमळला. "नाथाजी, भाव..."

"भाव इचारू नगंस. तेरावं झालं की ये." आणि मग ओरडून, "जा म्हणतो न्हवं! ती वाट बगत आसंल."

सयाजी गेला. उरलेल्या गाड्या नाथाजीने वखारीत आणून एकट्याने उतरवल्या आणि बाभूळ भिंतीकडे रचली. हाताला काटे लागले, रक्त आलं, तरी त्याने दादासोला हात लावू दिला नाही. साथ ओसरेपर्यंत ती रास बरीच खाली आली. कोळसेवाला दोनदा येऊन शिव्या देऊन गेला. नाथाजीनेही दिल्या.

त्या राशीतली चांगली, सरळ लाकडं वेचून त्याने एक मोठी मोळी बांधली आणि शालूबाईच्या दारात नेऊन टाकली. शालूबाईने ती सुनांकरवी परत पाठवली. "मयताला दिल्यालं माघारी घेत न्हाईत," असा निरोप दिला. त्याने पुन्हा नेली. ती पुन्हा आली.

तराजूची साखळी अजून जोडलेली नाही. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मोळी वखारीच्या दाराशी उभी आहे, आणि राहीबाईला जे लाकूड शालूबाईने दिलं, ते फेडायचं राहिलं आहे.