तांबडीचा पाय

उस्मानपुऱ्यातल्या आप्पासाहेबांच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा मल्हारीनं ब्रश ठेवून माऊस धरला. त्याआधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माऊसनं चित्र काढायचं म्हणजे साबणाच्या वडीनं रेघा ओढायच्या, पण पठ्ठ्यानं सहा महिन्यांत हात बसवला.

आता मात्र पंचाईत झाली होती. वाळूजच्या एका कारखान्याला सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरांसाठी कार्टून हवं होतं, कामगारांना 'सांभाळून' म्हणणारं. मल्हारीनं हेल्मेट घातलेला वाघ काढला, चष्मेवाला हत्ती काढला, मिशीवालं माकड काढलं. कारखान्याच्या साहेबांनी तिन्ही परत पाठवली. आप्पासाहेब भला माणूस, पण धंदा तो धंदा.

"मल्हारी, उद्याचं पसंत पडलं नाही तर मी पुण्याहून माणूस आणतो. तू आपला पाट्यांकडं बघ."

पाट्या कसल्या बघतो! ते काम कॉम्प्युटरनंच खाल्लं होतं. म्हणजे परत गावाकडं, अजिंठ्याच्या बाजूला, बापाच्या मेंढरांमागं.

त्यात जानेवारीचे दिवस. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय नुकताच झाला होता. शहरात कुठं निळा गुलाल, कुठं बंद, आणि एसट्या जागच्या जागी. लेकाला भेटायला आलेली सखूबाई अडकली ती अडकलीच. खोलीवर करमेना, म्हणून छापखान्यात येऊन स्टुलावर बसली.

मल्हारी तेव्हा मेंढरांचा कळप करत होता. एक मेंढी काढली, डोक्यावर हेल्मेट घातलं, तिच्याच तीस नकला केल्या, झाला कळप.

"माय, बघ. तीस मेंढरं."

"तीस कुठं? एकच तर हाय."

"अगं, मोज की!"

"काय मोजू, कप्पाळ? तोंड एक, कान एक, उभं ऱ्हाणं एक. चार वर्षं शहरात ऱ्हायला अन् मेंढराचं तोंड इसरला व्हय रं?"

मल्हारीला ते झोंबलं. खरं होतं, म्हणूनच लई झोंबलं.

"मग कुणाचं तोंड काढू?"

"तांबडीचं काढ. नाल्यात दगडावरून घसरून तिचा पाय मोडला होता, आठवतं का? बरी झाली, पर तवापासून खाली बघितल्याबिगर पाऊल टाकलं नाय तिनं. तुझा बाप तिलाच म्होरं घालायचा. ती गेली त्या वाटंनं एक मेंढरू कधी पडलं नाय."

मल्हारीनं अख्खा कळप पुसून टाकला आणि तांबडी काढली. फाटका कान, पुढचा डावा पाय वाकडा, हेल्मेटाखालून जमिनीवर लागलेली नजर. समोरचा चहा गार झाला तरी त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब मल्हारीला घेऊन कारखान्यात गेले. साहेबांनी चित्र बघून तोंड वाकडं केलं. "लंगडी मेंढी? लोक म्हणतील, इथं अपघात होतात. पाय सरळ कर. एका मिनिटाचं काम आहे तुझं."

एका मिनिटाचंच होतं. 'हो साहेब' म्हटलं की नोकरी टिकत होती. मल्हारीनं तांबडीच्या पायावर बोट ठेवलं.

"साहेब, पाय सरळ केला तर मग ती खाली का बघती?"

आप्पासाहेबांनी टेबलाखालून त्याला लाथ हाणली. "करतो, साहेब, करतो तो," म्हणाले.

"नाय जमणार," मल्हारी म्हणाला.

कामगारांच्या बाजूनं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरचा बन्सी मीटिंगला बसला होता. त्यानं चित्र ओढून घेतलं, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत हे मल्हारीला दिसलं.

"साहेब, मेंढीचं खरं हाय," बन्सी म्हणाला. "बोटं होती तवा मीबी बघत नव्हतो."

साहेबांनी पेन काढलं आणि सही केली.

संध्याकाळी सखूबाई भाकरी थापत होती. "पसंत पडली का?"

"पडली."

"अन् पाय?"

"वाकडाच ठेवला."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, डोळ्याला पदर लावला. धूर नव्हता, स्टोव्ह होता.

"माय, उद्या एसटी सुरू होणार म्हणत्यात."

"होऊ दे. मी ऱ्हाते दोन दिस. अजून एकोणतीस काढायच्यात नव्हं?"