दुपारची मोजणी

ऑफिसच्या टेबलावरच्या मॉडेलमधली ट्राम तेरा सेंटीमीटर लांब होती आणि तिच्यातून उतरणाऱ्या प्लास्टिकच्या बाईच्या गळ्यात निळा मफलर होता. बाहेर, बहारीनच्या मनामात, शेहेचाळीस अंश होते. जमालुद्दीनने पट्टी खाली ठेवली.

सर्व्हेच्या कामात त्याची अकरा वर्षं गेली होती. एवढा मूर्खपणा त्याने आजवर मोजला नव्हता. अमेरिकेत ओहायोतल्या कुठल्याशा मध्यम शहरात ट्राम टाकून मरगळलेला बाजार पुन्हा उभा केला, म्हणून तिथले सल्लागार इथे आले होते. येताना त्यांनी छापील फॉर्म आणले. माणसं मोजायची ती बारा ते तीन, कारण तिकडे जेवणाच्या सुट्टीत बाजार फुलतो. इथे त्या वेळी शटरं खाली आणि दुकानदार घरी झोपलेले. जमालुद्दीन तीन दिवस शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उन्हात उभा राहिला. अकरा माणसं मोजली. त्यावरून अहवाल निघाला: बाजार मेला आहे, गल्ली पाडा, ट्राम आणा.

त्या गल्लीत कोकणातल्या त्याच्याच गावच्या, दाभोळच्या मुख्तारची चार शिलाई मशीनं होती. सकाळीच त्याने विचारलं होतं, "तुझ्या पाडायच्या कागदात माझा दुकान हाय काय रे?"

"नाय रे, इंशाल्ला," म्हणून जमालुद्दीन निघून आला होता.

"अहवालावर सही करा, जमालभाई," दत्तप्रसाद साहेब म्हणाले. पुण्याचे इंजिनियर, इस्त्रीचा शर्ट. दहा वर्षांत त्या गल्लीतून एकदाही पायी गेले नव्हते. "आकडे तुमचेच आहेत."

"संध्याकाळी सातला या साहेब. पाय ठेवायला जागा नसते."

"फॉर्ममध्ये सातचा रकाना नाही."

"म्हणजे माणसंच नाहीत?"

"तुम्हाला काय, पायजमे शिवायचेत तिथे?" साहेब आपल्याच विनोदावर हसले. "क्लायंटला ट्राम आवडलीय. आणि तुमचा व्हिसा कंपनीचा आहे, तेवढं ध्यानात ठेवा. यल्ला, चला, करा सही."

गावाकडून बायको, महमुदा, दर रमजान ईदला फोनवर विचारायची, कायमचे कधी येताय. तो म्हणायचा, पुढच्या ईदला. अकरा वेळा म्हणून झालं होतं.

त्याने मफलरवाल्या बाईकडे पाहिलं, मग साहेबांकडे. दोघांनाही घाम नव्हता.

पेनाला टोपण लावून त्याने ते टेबलावर ठेवलं.

"कंपनीच्या लॉकरमधून माझा पासपोर्ट काढा साहेब. मी सही करत नाही. घरी चाललो, कायमचा."