शिनोलीच्या पटावरचा पाऊस

मी एक जुनं पत्र्याचं चाक आहे, मित्रांनो. तेलाच्या डब्याच्या झाकणातून मला कापलं, म्हणून पहिलं वर्षभर माझ्या अंगाला खवट वास यायचा. शी! पण तो परवडला. पुढे माझ्या पाठीला जे लागलं, ते आठवलं की अजून मळमळतं.

शिनोलीच्या ज्योतिबांनी चाळीस वर्षं मेंढरं राखली. गुडघे गेले, कळप विकला आणि ते खाटेला खिळले. म्हणून धाकट्या लेकीने, हिराने, प्लायवूडवर लढाईचा पट आखला. त्यावर घोडनदी, काळं रान, मुरमाड माळ, लाकडी शिपाई आणि तोफांचे गाडे. माझ्यावर तिने ऊन, पाऊस, धुकं असे तीन रंग दिले आणि मला भिंतीवर खिळ्याला अडकवलं. प्रत्येक खेळीआधी मला गरकन फिरवायचं. वरच्या बाणापाशी जे थांबेल, ते त्या खेळीचं हवामान.

जमिनीचे नियम मात्र ज्योतिबांचे. हिराने लिहिलं होतं, पाऊस थांबला की गाडे चालू. ते हसले.

"पाऊस थांबला म्हनून चिखल थांबतो व्हय? मुरमाला एक खेळी दे, काळ्या रानाला तीन."

पटापुढे बसले की ज्योतिबा पुन्हा रानात हिंडायचे. आळीतली माणसं माझं कौतुक करायची आणि करता करता तंबाखूची बोटं माझ्या रंगांवर फिरवायची. तेही सोसलं.

दर रविवारी मंचरहून थोरले जावई सुनील यायचे. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात सदा च्युइंगम. ज्योतिबा थोडेसे शिपाई घेऊन काळ्या रानामागे थांबायचे. पाऊस पडला की जावयांचे गाडे रुतायचे आणि डाव संपायचा. असं तीनदा झालं. मग एका रविवारी ज्योतिबांना धरून सगळे जेवायला गेल्यावर या गृहस्थाने तोंडातला च्युइंगम काढला, त्यात खडा दाबला आणि माझ्या पाठीला चिकटवला, उन्हाच्या बरोबर उलट बाजूला. कोमट, बुळबुळीत, थुंकीने भरलेला! जड बाजू खाली जाणार आणि ऊन कायम वर राहणार.

सहा रविवार नुसतं ऊन. गाडे काळ्या रानातून खडखडत यायचे. सहाव्या हारीनंतर ज्योतिबांनी शिपाई पिशवीत भरले.

"हिरा, पट नगं मांडू आता. मला रानच कळंना झालंय."

तो लबाड शेजारीच बसून चघळत होता. मला तोंड नाही, नाहीतर तिथेच थुंकलो असतो.

दोन दिवसांनी खाटेवरून त्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. पावसाआधी मुंग्या अंडी घेऊन वर चढतात, हे त्यांना पाठ. पण या रिकाम्या तोंडाने चढत होत्या. त्यांनी हिराला बघायला सांगितलं. मुंग्या माझ्या पाठीमागच्या गोडावर निघाल्या होत्या. खडा दाबलेला च्युइंगम बघून हिरा संतापली, जावयांना फोन लावायला निघाली. ज्योतिबांनी तिला थांबवलं. जावयाला तोंडावर चोर म्हणायचं नसतं. त्यांनी तो च्युइंगम तसाच ठेवायला लावला. माझ्या पाठीचा विचार कोणी केला नाही!

रविवारी पट पुन्हा मांडला. या वेळी ज्योतिबा थांबले नाहीत. दुसऱ्याच खेळीत त्यांनी सगळे गाडे काळ्या रानात घातले. आता पाऊस पडला तर सगळे रुतणार होते. सुनीलरावांनी मला फिरवलं. ऊन. पुन्हा फिरवलं. ऊन. ज्योतिबांचे गाडे त्यांच्या तळाला भिडले.

"मामा, पाऊस पडायला पाहिजे होता राव," ते पुटपुटले.

"पाहिजे आसंल तर उठून आना, पावनं," ज्योतिबा शांतपणे म्हणाले. "तो कुठं आडलाय, तुमाला ठावं हाये."

सुनीलरावांचं चघळणं थांबलं. ते उठले आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवरचा मुंग्या चिकटलेला गोळा नखाने खरवडून काढला. ज्योतिबांनी शिपाई आपापल्या जागी ठेवून पुन्हा पट मांडला. डोळे मिटून त्यांनी काळ्या रानावरून बोट फिरवलं.

मित्रांनो, माझी पाठ अजून चिकट आहे. कोणीतरी चिंधीला रॉकेल लावून पुसा. आणि हरलात तर हरा, पण आपली घाण दुसऱ्याच्या पाठीला लावू नका. त्या घाणीपायी एक जाणता माणूस स्वतःला अडाणी समजून बसला होता.