रविवारी दुपारचा वास

रविवारी दुपारी, जेवणं होऊन भांडी पालथी पडली की देवळाली कॅम्पातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात ओव्याचा वास यायचा. तापलेल्या लोण्याचा, कडेला करपलेल्या चीजचा, आणि त्या सगळ्यावर चढलेल्या ओव्याचा. ओव्हन तेव्हा बंद असायचा, आणि त्याची पिनसुद्धा काढून ठेवलेली असायची.

पहिल्यांदा तो वास नवसाबाईंना आला. त्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या. तिथूनच त्यांनी सुनेला हाक मारली.

"रूपाली, ढेकळं भाजती का गं?"

"नाही आई. मी कपडे घडी करतेय."

"मग कोण भाजतंय?"

ढेकळं म्हणजे रूपालीच्या नवऱ्याचे, ज्ञानेशचे खारे स्कोन, ओव्हनमध्ये भाजलेले जाडसर, भुसभुशीत पाव. कॅम्पातल्या एका पारशी आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात तो आचारी होता. तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्याकडून तो ते करायला शिकला, आणि मग घरच्यासाठी त्यात ओवा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालू लागला. रविवारी दुपारी त्याला सुट्टी असे, आणि ती तो ओव्हनसमोर घालवी. नवसाबाई निफाडच्या. सगळा जन्म द्राक्षाच्या मळ्यात गेलेला. तो ओबडधोबड, भेगाळलेला पदार्थ पहिल्यांदा ताटलीत आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हे तर नांगरल्यावर निघत्यात तसलं ढेकूळ हाय." तेव्हापासून घरात तेच नाव पडलं. त्या एका बैठकीला तीन-तीन खात आणि वर नावं ठेवत.

द्राक्षाचा हंगाम संपता संपता ज्ञानेश गेला. कामावरच, हृदय बंद पडून. आता पाऊसही ओसरत आला होता.

रूपाली एका प्रयोगशाळेत काम करायची. निर्यातीच्या द्राक्षांवर फवारणीचं औषध किती उरलंय ते तपासायचं, आकडा लिहायचा, सही करायची. जे दिसलं तेच लिहायचं, ही तिची नोकरी होती आणि एव्हाना स्वभावही झाला होता. सासूला भास होतोय असं ती म्हणाली नाही. पुढच्या रविवारी तिने खिडक्या लावून घेतल्या. तरी वास आला, म्हणजे नवसाबाईंना आला. त्याच्या पुढच्या रविवारी तिने खालच्या लताकाकूंना विचारलं. त्यांच्याकडे ओव्हनच नव्हता. बाजारातल्या बेकरीची भट्टी दुपारी बंद असते हे तिने स्वतः जाऊन पाहिलं. ओव्हनचं दार उघडून आत हात घातला. पत्रा गार होता.

"तुला नाय येत?" नवसाबाई विचारायच्या.

"नाही येत, आई."

"नाक बसलंय तुझं त्या औषधांनी."

मग एका रविवारी तिलाही आला.

ती बेसिनपाशी चहाचं गाळणं धूत होती. वास मागून आला, कोणी ओव्हनचं दार उघडल्यावर येतो तसा, ऊब घेऊन. तिने नळ बंद केला. वळून पाहिलं नाही. मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि ते तसे उभे आहेत याची तिने शांतपणे नोंद घेतली. वास काही वेळ राहिला आणि विरला. ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा नवसाबाई उठून बसल्या होत्या, तिच्याच तोंडाकडे बघत.

"आला?"

रूपालीला खोटं बोलता येत नव्हतं. असं नाही की ती फार सत्यवादी होती. तिला ते जमतच नसे.

"आला," ती म्हणाली.

त्या एका शब्दाने घर फिरलं. तोवर नवसाबाई सणासुदीचं नाही पण दोन वेळचं जेवत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली. आधी रविवारचं जेवण सुटलं, मग रात्रीचं, मग दिवसभरात अर्धी भाकरी दुधात कुस्करून, तीही अर्धी टाकून.

"तो उपाशी फिरतोय," त्या म्हणायच्या. "त्याच्या हातचं त्याला पाहिजे, म्हणून येतो. लेकरू दारात उपाशी आन् मी गिळत बसू?"

"आई, तुम्ही नाही जेवलात म्हणून त्याचं पोट भरणार आहे का?"

"तू मला शिकवू नको. मला वाटलं होतं, मलाच म्हातारपणी भ्रम झालाय. पण तू हिशोबाची बाई. तू म्हणलीस आला, म्हणजे आला."

डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि रूपालीला बाहेर बोलावून म्हणाले की असंच चाललं तर पुढे सलाईनचाही उपयोग होणार नाही. निफाडहून थोरले दीर येऊन गेले. ओरडले, रडले, आईला गाडीत घालून न्यायला बघितलं. नवसाबाईंनी पलंगाची कड धरून ठेवली. "वास तिकडं येणार हाय का?" एवढंच विचारलं.

उपाय त्यांनीच सांगितला होता. त्याची ढेकळं कर. त्याच्यासारखी. त्याच्यापुढं वाढ. तो खाईल, मग मी खाईन.

रूपालीने स्कोन केले. ज्ञानेशने काही लिहून ठेवलं नव्हतं, पण तिने त्याला किती वेळा पाहिलं होतं. मैद्यात सोडा आणि मीठ. गार लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चुरायचे, तळहात लावायचा नाही, नाहीतर लोणी वितळतं. चीज, ओवा, मिरची, कोथिंबीर. ताक घालून गोळा जेमतेम एकत्र आणायचा, मळायचा नाही. जाड थापायचा आणि सुरीने त्रिकोण कापायचे. ते छान फुगले. रंग चांगला आला. नवसाबाईंनी एकाचा कोपरा मोडून तोंडात घातला आणि पदराआड काढून टाकला.

"हे बिस्कीट झालं."

तिने लोणी बदललं. मैदा बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. आच कमी केली, वाढवली, ओवा भाजून घातला. प्रत्येक वेळी एक स्कोन ओव्हनसमोर ताटलीत वाढून ठेवायचा, कारण सासूचा तसा आग्रह होता. संध्याकाळी तो तसाच उचलायचा. त्याला मुंग्याही लागत नसत. ओट्यावर साखरेचा कण पडला तरी रांग लावणाऱ्या मुंग्या त्या ताटलीला वळसा घालून जायच्या. हे तिने सासूला सांगितलं नाही.

एके दिवशी कामावरून येताना तिला जिन्यात लताकाकू भेटल्या. हातात झाकलेलं पातेलं.

"म्हातारीला कढी आणलीय गं. घशाखाली उतरेल असं काहीतरी द्यावं म्हटलं. वर काय, मलाही हाकलतील. हाकलू देत."

नवसाबाईंनी हाकललं नाही. चमच्याने ओठ ओले करून घेतले. मग थांबल्या. पुन्हा एक चमचा घेतला आणि तो तोंडात तसाच धरून ठेवला.

"लता, हे ताक कुठलं?"

"घरचंच की. तुमच्याच घरचं म्हणा. माझं दही मागे सारखं तार धरत होतं, तेव्हा ज्ञानेशनंच वाटीभर विरजण आणून दिलं. तेच चाललंय अजून. रोज लावते."

नवसाबाईंनी चमचा खाली ठेवला. रूपाली दाराच्या चौकटीला टेकली.

ते विरजण निफाडहून आलेलं होतं. नवऱ्यामागे लेकाकडे राहायला येताना नवसाबाईंनी ते बरणीत घालून मांडीवर धरून आणलं होतं. ज्ञानेशच्या ढेकळांत ताक असायचं ते त्याचंच, आंबट, जरासं धुरकट. आणि तो गेल्यावर, सुतकातल्या घरातलं खाणंपिणं ठेवायचं नसतं म्हणून, दहाव्याला बायकांनी दूध, दही, ताक सगळं मोरीत ओतलं होतं.

"मीच सांगितलं ओता म्हणून," नवसाबाई म्हणाल्या. "तिथं भिताडाला टेकून बसले होते. मीच म्हणलं, भांडी घासून टाका, काही ठेवू नका."

"रीतच आहे ती, आत्या," लताकाकू म्हणाल्या. "तुम्ही काय वेगळं केलं?"

सगळं बदलून पाहिलं होतं रूपालीने, फक्त डेअरीची पिशवी फोडून घातलेलं ताक सोडून. आंबटपणा तर तिने कागदी पट्टी बुडवून जुळवला होता. पण विरजण जिवंत असतं, घराघरात वेगळं असतं, हे काय तिला माहीत नव्हतं? ज्या हातांनी ते रोज लावलं जातं, त्या हातांचंही थोडं त्यात उतरतं.

शनिवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत, लताकाकूंनी वाटी आणून दिली. रूपालीने कोमट दुधात ते कालवलं. सकाळी दही घट्ट लागलं होतं. तिने रवीने ताक केलं, आणि मैद्यावर ओतायला भांडं उचललं तेव्हा तिचा हात थांबला.

तो खाईल, मग जाईल. सासूचं म्हणणं खरं असेल तर याचा अर्थ तोच होता. रूपाली ते मानत नव्हती. पण मागून येणारी ती ऊब, मानेपाशी घुटमळणारी, गेले कित्येक रविवार रूपाली बेसिनपाशी उभी राहून त्या उबेचीच वाट पाहत होती. गाळणं धुऊन झालं तरी पुन्हा धूत होती. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीतून खोकला आला, इतका बारीक की तो माणसाचा वाटला नाही. तिने ताक ओतलं.

स्कोन ओव्हनमध्ये गेले आणि घर भरून गेलं. वेगळा दुसरा वास त्या दिवशी आला की नाही हे सांगता येणं शक्य नव्हतं. एक स्कोन ताटलीत वाढून तिने ओव्हनसमोर ठेवला, दुसरा सासूच्या हातात दिला. नवसाबाईंनी तो नाकाशी धरला. मग चावला. बराच वेळ चावत राहिल्या, दातांनी नाही, हिरड्यांनी.

"हे ढेकूळ," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना अख्खा खाल्ला. अर्ध्या तासाने दुसरा मागितला. वर चहा घेतला.

संध्याकाळी रूपाली ताटली उचलायला गेली. स्कोनवर मुंग्या चढल्या होत्या.

त्या आठवड्यात नवसाबाई वरणभात खाऊ लागल्या. मेथीच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून बोलल्या. गुरुवारी लताकाकूंबरोबर खाली ओट्यावर जाऊन बसल्या आणि शेजारणीच्या नव्या सुनेची चाल कशी आहे ते सांगत वर आल्या. थोरल्या दिरांचा फोन आला तेव्हा त्यांच्याशी द्राक्षाच्या छाटणीवरून वाद घातला.

रविवार आला. जेवणं झाली. नवसाबाई पलंगावर बसून राहिल्या, आडव्या झाल्या नाहीत. रूपाली बेसिनपाशी पाठमोरी उभी होती.

"नाय येत गं आज," बाहेरून आवाज आला. "गेला वाटतं. पोट भरलं त्याचं."

त्याच क्षणी तो आला. कधी नव्हे इतका दाट, लोणी, चीज, ओवा, आणि खाली तो आंबट धुरकटपणा, जो याआधी कधीच नव्हता. ऊब मानेपाशी थांबली. कानाच्या पाळीला लागली. खिडकी बंद होती. ओव्हनची पिन ओट्यावर पडली होती, तिला ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होती.

"रूपाली? तुला येतोय का?"

आवाजात घाई होती. पलंग करकरला. म्हातारी उठत होती, उत्तर ऐकायला.

रूपालीने दोन्ही हात ओट्यावर टेकले.

"नाही, आई," ती म्हणाली. "काहीच येत नाही."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही पडा जरा. संध्याकाळी पिठलं करते."

पलंग पुन्हा करकरला. थोड्या वेळाने नवसाबाईंचं घोरणं सुरू झालं, सावकाश, भरल्या पोटाचं. वास तसाच होता. रूपाली न वळता उभी राहिली.